शेवंती थांबली तिथं

आकाराम : मान धर की नीट तिची. रंग डोळ्यात जाईल. आन् माझ्याकडं बघून बोल, शिंगाकडं न्हवं.

काशिफ : बोललो की, तात्या. चुकलं म्हणालो.

आकाराम : चुकलं ते साऱ्या शिवाजी पेठेनं बघितलंय. मी दुसरंच इचारतोय. काल तुझ्या फटफटीचा आवाज आला, शेवंतीनं दावं तोडलं आन् मागनं पळाली, हे समजलं. ती हायच तसली. पर पळून पळून त्या देशीच्या दुकानापुढंच का उभी राहिली?

काशिफ : मला काय म्हाईत? जनावर हाय.

आकाराम : म्हणून तर इचारतोय. माणूस उगंच कुठंबी थांबतं. जनावर उगंच थांबत न्हाय.

काशिफ : डावं शिंग राहिलं बघा, तात्या.

आकाराम : राहू दे शिंग. बोल.

काशिफ : पेंड.

आकाराम : काय पेंड?

काशिफ : सगरचा सराव घेत होतो न्हवं का तिचा. गाडीमागं पळाली की शेवटाला पेंड द्यायची, तुम्हीच शिकवलंय. मी शेवट तिथं करत होतो. गाडी लावायची, पेंडीची बादली तिच्यापुढं ठेवायची आन् आत जाऊन यायचं. तिची बादली संपायच्या आत माझं संपत होतं.

आकाराम : रोज?

काशिफ : रोज.

आकाराम : म्हंजे तिच्या हिशेबानं सगर तिथंच संपतो.

काशिफ : व्हय.

आकाराम : अरं माझ्या कर्मा! आज पाडवा, म्हशी नटवून पळवायचा सगरचा दिस. रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणूस उभं राहणार. बाकीच्यांच्या म्हशी मालकाच्या गाडीमागं पार नदीपातूर पळत जाणार. आन् ह्या आकाराम गवळ्याची शेवंती, गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपीस, दारूच्या दुकानापुढं हजेरी द्यायला उभी!

काशिफ : हसा तुम्ही.

आकाराम : हसू न्हाय तर काय करू? काल रडून झालंय माझं. दुकानापुढं ही गर्दी, पोरं मोबाइल काढून उभी, रिक्षावाल्यांचे भोंगे. आन् ही मधोमध. दाराकडं तोंड करून. तू आत हुतास न्हवं तवा?

काशिफ : हुतो.

आकाराम : बाहेर का आला न्हाईस?

काशिफ : लोकं हसत हुती. कुणाची म्हैस, कुणाची म्हैस म्हणत हुती. मला कळलं कुणाची ते. मागच्या दारानं गेलो.

आकाराम : तिला तिथं टाकून.

काशिफ : व्हय. तिला टाकून. आणि किती येळा वदवून घेणार हायसा? तुमची म्हैस हाय, तुम्ही न्या सगरला. मी न्हाय येत. हात बघा माझा. सकाळपासनं हा असा थरथरतोय. काल रात्रीपासनं काय घेतलं न्हाय. ह्या हातानं काय गाडी चालवू?

आकाराम : दूध पी. तांब्यात काढून ठेवलंय. आन् ओरडू नको, ती कान टवकारती. कोण ते दारात? मुबशिरा व्हय? ये की, पोरी. अशी परक्यावानी उंबऱ्यावर काय उभी? ये आत.

मुबशिरा : सलाम, तात्या. घराला कुलूप होतं, म्हणून इकडे आले. किल्ली हवी होती. उरलेले कपडे न्यायचे आहेत.

काशिफ : किल्ली त्या खुंटीवर हाय.

आकाराम : अरं, बायको तीन महिन्यांनी कोडोलीच्या माहेरासनं आली आन् हा खुंटी दाखवतोय. कशी हायस म्हण की!

काशिफ : कशी हायस?

मुबशिरा : बरी आहे. तुम्ही?

काशिफ : बराय.

आकाराम : झालं. संपलं दोघांचं. ह्यापरीस शेवंती जास्ती बोलती.

मुबशिरा : शेवंतीचंच पाहून आले मी. रात्री आमच्या घरी सगळे जेवायला बसले होते. भाईजानच्या फोनवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. दारूच्या दुकानाबाहेर एक म्हैस उभी, आणि खाली लिहिलेलं, मालक येईपर्यंत घरी जाणार नाही. सगळे हसत होते. मीही हसत होते. मग तिनं मान वळवली आणि तिच्या गळ्यातली कवड्यांची माळ दिसली. मी ओवलेली. निळ्या दोऱ्यात, दोरा संपला म्हणून शेवटी लाल घेतलेली.

काशिफ : सांगितलंस त्यांना?

मुबशिरा : नाही. घास तोंडात होता, तो गिळला आणि पुन्हा त्यांच्याबरोबर हसले.

काशिफ : सांगायचं हुतंस. काय राहिलंय आता लपवायचं.

मुबशिरा : माझं राहिलं आहे. भाईजान म्हणतो, तुझ्या नवऱ्यानं तीन महिन्यांत एकदाही दाराशी येऊन माझ्या बायकोला पाठवा म्हटलं नाही. अशा माणसाची वाट कशाला बघतेस? आज जा, जे काही तुझं तिथं आहे ते घेऊन ये आणि कायमचं ठरव. पाचच्या एस.टी.नं परत जायचं आहे मला.

काशिफ : पाणी संपलंय. तिचं पाय धुवायचं ऱ्हायल्यात. मी आलो.

(काशिफ कळशी घेऊन गोठ्याबाहेर जातो.)

मुबशिरा : पाहिलंत? एवढं बोलले मी, आणि पाणी संपलं.

आकाराम : नळ हितं दारातच हाय. तरी तो कोपऱ्यावरच्या नळाला जाणार. बस त्या पोत्यावर. पोरी, तुला एक सांगू? त्यानं तुला कधी सांगितलं नसंल.

मुबशिरा : ते मला काहीच सांगत नाहीत. मी रागावून गेले नव्हते, तात्या. थकून गेले होते. फौंड्रीनं कामावरून कमी केलं, ते मला शेजारणीकडून कळलं. पंधरा दिवस ते डबा घेऊन घराबाहेर पडत होते. डबा शेवंतीपुढे रिकामा करत होते, हेही नंतर कळलं.

आकाराम : भाकरी खायची ती. मला वाटायचं, जास्तीची आणतोय. ऐक. ह्याचा बा, मीरासाब, माझा दोस्त. तो गेला तवा काशिफ एवढासा हुता. ह्याच्या आईला, म्हेमुदाभाभीला, तिच्या भावांनी मुरगूडला दुसरं घर करून दिलं. त्या घरानं पोरगं नको म्हटलं. हा चुलत्याकडं हितंच राहिला. भाभी अधनंमधनं यायची त्याला भेटायला. ती गल्लीत शिरली की हा पळत सुटायचा तो थेट माझ्या गोठ्यात. ते तिथं वैरणीचा ढीग असतो न्हवं? त्याच्या मागं.

मुबशिरा : लपायचे?

आकाराम : आसं गप की श्वास बी ऐकू येऊ नये. भाभी दारात, तू आत्ता उभी हुतीस तिथंच, उभी राहून हाका मारायची. काशिफ, बेटा काशिफ. मी खुणेनं सांगायचो, आत हाय. पर ती आत येत न्हवती. म्हणायची, पोरगं माझ्यावर रागावलंय, त्याला वाटंल तवा येईल. मग एस.टी.ची येळ व्हायची. ती गेली की हा ढिगातनं बाहेर यायचा. केसांत, सदऱ्यात कुसळं. आन् एकच इचारायचा. एस.टी. गेली?

मुबशिरा : तुम्ही काय म्हणायचात?

आकाराम : गेली म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? मला वाटायचं, सुटला बिचारा एकदाचा. लई वर्सांनी ध्यानात आलं. त्याला वाटत असणार, कुणीतरी न्हाय गेली म्हणावं.

मुबशिरा : म्हणजे मी फोन करते तेव्हा...

आकाराम : वैरणीमागं बसलेला असतो. ऐकतोय समदं. एकदा हितं माझ्यासमोर तुझा फोन वाजत हुता. मी म्हटलं, उचल की. न्हाय म्हणाला. मग वाजायचा थांबला. तवा त्याचं तोंड बघायला पायजे हुतंस. उठला आन् गेला दुकानात.

मुबशिरा : आणि मी अशी, की उत्तर आलं नाही तर मला श्वास घेता येत नाही. आमचे अब्बा ट्रकवर होते. परत यायचा दिवस ठरलेला नसायचा. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की अम्मी दारात, आणि मी तिच्या पदराला धरून मागे. ते आले नाहीत की अम्मी म्हणायची, काहीतरी झालंय. दरवेळी. मी डी.एड. झाले, बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवला, मुलाला सुरक्षित वाटणं म्हणजे काय यावर चार पानं लिहिली. आणि यांना यायला जरा उशीर झाला की मी अम्मी होते. फोनवर फोन. फोनवर फोन. एका संध्याकाळी मी इतके फोन केले की माझीच मला भीती वाटली.

आकाराम : मास्तरणीची जागा निघाली का कुठं?

मुबशिरा : भरती निघते, पुढे जाते, रद्द होते. शिकवण्या घेते कोडोलीत. दोघंही घरी बसलेले, तात्या. ते फौंड्रीची वाट बघत, मी भरतीची. आणि दोघं एकमेकांची.

आकाराम : लपणाऱ्याला हाका मारणारी मिळाली. हाका मारणारीला लपणारा.

मुबशिरा : मी आता हाका मारणार नाही. बसमध्ये येताना ठरवून आले. त्यांनी एक शब्द बोलावा. एवढंच हवंय मला. नाही बोलले तर कपडे घेईन आणि जाईन.

काशिफ : आणलं पाणी.

आकाराम : कोपऱ्यावरनं?

काशिफ : हितल्या नळाला दाब न्हाय. तात्या, हिला दूध दिलं का? प्रवास करून आलीया.

मुबशिरा : नको मला.

काशिफ : घे. धारोष्ण हाय, शेवंतीचं. हे काय? ओठ पूस. न्हाय, दूध न्हवं. दातावर काळं काय हाय तुझ्या?

मुबशिरा : काही नाही.

काशिफ : बोट दाखव. मुबशिरा, बोट दाखव. मिस्री लावतीस तू?

मुबशिरा : लावते.

काशिफ : तू? माझी आज्जी लावत हुती तर तिच्याजवळ झोपायची न्हाईस तू. वास येतो म्हणायचीस.

मुबशिरा : येतोच वास. शिकवणीच्या मुलांसमोर तोंडावर रुमाल धरून बोलते मी. सर्दी झाल्याचं सांगते. तीन महिने सर्दी.

काशिफ : कवापासनं?

मुबशिरा : तुम्ही फोन उचलत नाही तेव्हापासून. पहिल्यांदा वहिनीच्या डबीतली चिमूटभर घेतली. डोकं हलकं झालं. वाटलं, चला, आता नाही उचलला तरी चालेल. आता सकाळी उठल्यावर डबी उशाशी सापडली नाही तर हात चाचपत राहतात. तुमचा हात थरथरतो आहे ना, तसेच.

काशिफ : सोड की ते. तुला शोभत न्हाय.

मुबशिरा : हे तुम्ही मला सांगताय?

आकाराम : मला मधी घेऊ नका. माझी तंबाखू सुटायची ऱ्हायलीया अजून. गोठ्यात शहाणी एकटी शेवंतीच.

काशिफ : मी पितो ते मजा म्हणून न्हाय, मुबशिरा. फौंड्रीत हुतो तवा बी घ्यायचो, पर सुट्टीदिवशी. आता रोजच सुट्टी हाय. सकाळी उठलं की भोंगा न्हाय, गेट न्हाय, कुणी नाव घेऊन बोलवत न्हाय. पिलं की कुणाची वाट बघायला लागत न्हाय. एवढंच हाय त्याच्यात. दुसरं काय न्हाय.

मुबशिरा : मला माहीत आहे. मिस्रीतही एवढंच आहे.

आकाराम : ढोल वाजाय लागले बघा तिकडं. म्हशी निघतील आता. काशिफ, काय करायचं हिचं? ठेवू बांधून? वर्सभर हिला तूप-पेंड चारली ती आज गोठ्यात बांधायला?

काशिफ : तुम्ही घ्या माझी गाडी. काल तुम्हीच आणलंसा न्हवं तिला, माझीच गाडी चालवून? आवाजामागं येती ती. वर कोण बसलंय त्याचं तिला काय?

आकाराम : आसं वाटतंय तुला?

काशिफ : आसंच हाय. मीच शिकवलंय. आवाज झाला की यायचं, पेंड खायची. माझ्यामागं कोण येतंय? पगार हुता तवर पगारामागं, गाडी हाय तवर गाडीमागं.

आकाराम : काल तुझी गाडी दुकानापुढंच हुती, किल्ली बी तिलाच. मी ती काढली. आवाज केला, पुढं निघालो. आली ती मागं, खरं हाय. पर दर चार पावलाला थांबत हुती. मान वळवून दुकानाच्या दाराकडं बघत हुती. मी पुन्हा आवाज काढायचो, पुन्हा चार पावलं. पेंड हुती का तिथं काल? बादली तर हितं गोठ्यात हुती. गाडी माझ्या बुडाखाली. मग मागं वळून बघत काय हुती ती, सांग की फौंड्रीवाल्या?

काशिफ : तात्या...

आकाराम : ती आई मेलेली पारडी हुती. तू बाटलीनं दूध पाजून जगवलीस. नोकरी गेली तवा तिच्याचपाशी येऊन बसायचास. मला ठावं हाय, कुणी कुणाला जगवलं ते. ऐक आता. गाडी ऱ्हाऊ दे हितं. हात आसले असताना तुला चालवू देणार बी न्हाय मी. चालत जा. पुढं तू, मागं ती.

काशिफ : चालत? सगर हाय का अंत्ययात्रा? हसतील लोकं.

आकाराम : काल हसले ते मेले का? हसू देत. आवाजाशिवाय येती का बघ एकदा. न्हाय आली तर मी हाय की तिला आणायला.

काशिफ : आली तर दुकानापाशी थांबणार ती.

आकाराम : थांबंल.

काशिफ : आन् ती थांबली की मी बी थांबणार. खोटं का बोलू? गाडीवर असतो तर जोरात काढून नेली असती. पायी त्या दारावरनं पुढं जायचं म्हंजे... तिथं वास येतो, तात्या. पार रस्त्यापातूर.

मुबशिरा : पेंडीची बादली कुठे आहे?

आकाराम : ती काय, खांबामागं. का गं?

मुबशिरा : तिला वाटतं शेवट तिथं आहे, कारण पेंड तिथं मिळाली. दुकानाच्या पुढे आपल्या गल्लीचं तोंड लागतं ना? मी बादली घेऊन तिथं उभी राहते. तिला दिसेन अशी.

काशिफ : तू? सगरच्या गर्दीत? बादली घेऊन?

मुबशिरा : वर्गात चाळीस मुलांसमोर उभं राहायला शिकले आहे. एका म्हशीसमोर उभी राहीन. एकदा पेंड तिथं खाल्ली म्हणून ती लगेच विसरेल असं नाही. उद्या पुन्हा त्या दाराशी थांबेल. परवाही थांबेल. शिकायला लागला तेवढा वेळ विसरायलाही लागणारच.

काशिफ : उद्या?

मुबशिरा : मी म्हशीचं बोलत होते.

काशिफ : तुझी एस.टी. पाचला हाय म्हणालीस.

मुबशिरा : आहे.

काशिफ : सगर काय पाचपातूर संपत न्हाय.

मुबशिरा : मग?

आकाराम : मी जरा वैरण बघतो. माझ्या कानात काय शिरत न्हाय, चालू द्या तुमचं.

मुबशिरा : मग काय? बोला ना.

काशिफ : मग जाऊ दे की तिला.

मुबशिरा : कुणाला?

काशिफ : एस.टी.ला. एस.टी. जाऊ दे. तू ऱ्हा.

मुबशिरा : आजच्यापुरती?

काशिफ : तुझं कपडे हितंच हायत की. थंडीचं बी हितंच हायत.

मुबशिरा : असं नाही. म्हणा.

काशिफ : जाऊ नको, मुबशिरा. मी सुटलोय आसं म्हणत न्हाय. उद्याचं मला सांगता येत न्हाय. आजचं बी मला नीट सांगता येत न्हाय. पर तू जाऊ नको.

मुबशिरा : सोमवारी सरकारी दवाखान्यात जायचं. एकदम सोडलं की त्रास होतो, डॉक्टरांना दाखवायला हवं. दोघांनी जायचं.

काशिफ : दोघं कशाला?

मुबशिरा : मिस्रीचंही विचारायचं आहे. का, केसपेपर फक्त पुरुषांचा काढतात?

काशिफ : बरं. दोघं.

आकाराम : झालं का रं? वैरणीत माझं कंबरडं मोडलं. हिचा दोर सोडू का?

काशिफ : सोडा. दोर नकोच. तात्या, माझी चप्पल कुठं गेली?

आकाराम : पायात हाय, शहाण्या.

मुबशिरा : मी पुढे जाऊन उभी राहते. आणि ती दुकानापाशी अडलीच, तर मी तिथून हाक मारेन. शेवंती म्हणून. ओळखेल ना माझा आवाज?

काशिफ : तिला नको मारू. ती माझ्याकडं बघून चालंल.

मुबशिरा : मग कुणाला मारू?

काशिफ : मला. आन् पहिल्या हाकेला न्हाय हललो, तर जवळ येऊन मार.